साडूची बरणी आणि जागा बदलून बघा

…आणि वर मलाच म्हणतात, तुमचा कशावर विश्वासच नाही! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं वजनमापं तपासायच्या सरकारी खात्यात काढली, विश्वास ठेवायचा पगार कुणी दिला नाही मला! पण साडू पडले ना भालचंद्रराव, राहायला दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात, तिसऱ्या मजल्यावर, जिना हा असा उभा… चढलो कसा? अहो, उजव्या गुडघ्याला चुंबकाचा पट्टा आहे म्हणून! एकदम गुणकारी हां, दुखणं गायब… ते जाऊ द्या. तर परदेशात म्हणे कुणी बरणीतल्या पाण्यातून सूर्यासारखी ऊर्जा काढली, हे पेपरात आलं मात्र, आमच्या साडूंनी बाल्कनीत लोणच्याची बरणी मांडली! आत मिठाचं पाणी, वीज आणि कसलीशी खास तार. "एक हिस्सा वीज आत, दीड हिस्सा उष्णता बाहेर! बिल्कुल पक्कं! सोमवारी राजीनामा देतोय!"

राजीनामा! म्हणजे नोकरी गेली, पाठोपाठ सरकारी क्वार्टर गेलं, दोन मुलींना घेऊन जायचं कुठे? मेव्हणी वासंती रडकुंडीला. "भावोजी, तुम्ही एकदा मोजा ना. तुमचं ऐकतील."

म्हटलं, चलो, मोजू. दोन बरण्या शेजारी शेजारी, एकीत खास तार, एकीत साधी, वीज दोन्हींना सारखी. सकाळी अकराला थर्मामीटर बघतो तर काय… खास तारेची बरणी चार अंश जास्त गरम! मी चष्मा दोनदा पुसला. शेजारच्या बाल्कनीतून गुप्ताजी, "मान जाइए, भाईसाहब! अब तो गीज़र की छुट्टी!" भालचंद्रराव नाचायचेच बाकी, आणि वासंती… तीसुद्धा हसली हो. ते हसू बघून फार वाईट वाटलं, पण म्हटलं, जागा बदलून बघा.

"काय गरज आहे?" जागा बदलून बघा! "तुम्ही ना, फार नकारात्मक आहात यार!" असेन, जागा बदलून बघा! अहो, किलोभर मटार घेताना आपण तराजूचं पारडं उलटं करून बघतो, आणि इथे अख्खं घर पारड्यात घालायचं, तेही न बघता?

दुसऱ्या दिवशी बरण्यांची अदलाबदल. पुन्हा अकरा. आणि साधी तार चार अंश गरम! का? अहो, त्या कोपऱ्यावर तेव्हा ऊन येतं! दिल्लीतलं डिसेंबरचं ऊन, ज्यात बसून सगळं आर. के. पुरम स्वेटर विणतं, त्यात बरणी शेकत होती!

"आधीचा असर शिल्लक असेल," भालचंद्रराव पुटपुटले. म्हटलं, काल त्या बरणीत खास तार नव्हतीच, असर कुठला? चेहरा एवढासा झाला. मग खिशातून राजीनामा काढून म्हणाले, "फाडतो. पण एका अटीवर, साडूभाऊ. तो पट्टा उजव्या गुडघ्याचा काढा, डाव्याला बांधा. जागा बदलून बघा!"

काय करता? वासंती बघत होती. बांधला. राजीनामा फाटला, क्वार्टर वाचलं, वासंतीनं गाजराचा हलवा केला, सगळं छान झालं.

आज आठ दिवस झाले. पट्टा डाव्या गुडघ्याला, आणि उजवा ठणठणीत! बायको विचारते, "आता?"

म्हटलं, अगं… आधीचा असर शिल्लक असतो!