विष्णूनं पुकारलेली दौंडची गाडी

तुम्ही हसाल, पण आमच्या विष्णूची नोकरी वेदांमुळं पहिल्याच दिवशी जायची वेळ आली होती. मी तिथंच होतो. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. लहानपणापासून पाठशाळेत वेद घोकलेला हा गडी शिरूरच्या स्टँडवर गाड्या पुकारायला लागला. दौंडची गाडी लागली. विष्णूनं माइक धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शिरूर-दौंड!"

लोक बोचकी घेऊन चढले.

"दौंड-शिरूर!"

"आरं, ही तर हितंच आलेली गाडी हाय!" म्हणत सगळे खाली उतरले. खुटबावच्या एका आप्पांची बायको तेवढी, पाय दुखतात म्हणून बसूनच राहिली.

"शिरूर-दौंड!"

लोक पुन्हा चढायला धावले, तोवर गाडी फाटकाबाहेर!

कंट्रोलर तणतणत आला. "अहो गुरुजी, एकदा सरळ पुकारता येत नाही?"

विष्णू शांतपणे म्हणाला, "साहेब, आम्हाला असंच शिकवलंय. दोन शब्द आधी सुलट म्हणायचे, मग उलट, मग पुन्हा सुलट. म्हणून तर कागदावर न लिहिताही वेदातलं एक अक्षर हजारो वर्षांत हरवलं नाही."

तेवढ्यात आप्पा पुढं आले.

"अक्षर न्हाई हरवलं, लई चांगलं झालं गुरुजी. पर माझी बायकू गेली की दौंडाला! आता तेवढं उलटं पुन्यांदा म्हणा, येती का बघू माघारी!"