घडी शिकवली कोणी?

नाही हो, गोड बोलणाऱ्या माणसाला काही म्हणून शिकवू नये, अजिबात नाही! मी शिकवलं, म्हणून सांगते.

साबणाच्या कारखान्यात आम्ही साठ जणी बाकांवर बसून हातानं वड्या गुंडाळायचो. वडी ठेवली, कागद वळवला, टोकांना घडी, अंगठ्यानं दाबली, की पुढची! मग आला तो इंजिनियर. "ताई, जरा हळू करून दाखवता? ताई, अंगठा नक्की कुठे दाबता?" ताई ताई करत सहा महिने माझ्या बाकाशी स्टूल टाकून बसला. मशीन उभं केलं, तर कोपऱ्यावर कागद टराटरा फाटतोय! मी म्हटलं, "अहो, कागदालाही कापडासारखं उभं-आडवं असतं. आडवा कापून बघा." कापला. धाड धाड धाड, मिनिटाला साठ वड्या! शिकवलं कोणी? मी! आणि महिनाभरात चाळीस जणी घरी. त्यांत माझी थोरली जाऊ.

आता आम्ही राहतो एकाच घरात! एकच ओटा, एकच नळ. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. "सासूबाई, त्या मशीनच्या मास्तरीणबाईंना सांगा, मीठ संपलंय." आणि मी समोर उभी! सासूबाई गेल्या, तर मांजराला सांगायला लागली...

मग दुसरं मशीन. कागद गेला, प्लॅस्टिक आलं, घडीच्या जागी गरम पट्टी. तर चिकटेचना! सगळे साहेब पट्टीकडे बघतायत, आणि मी ओरडतेय, "अहो, वडीलाच घाम फुटलाय, आधी गार करा तिला!" पंखे लावले, चिकटलं. शिकवलं कोणी? मी! उरलेल्या विसातल्या सोळा घरी. तिसऱ्या मशीनला तर डोळाच बसवला, वाकडं पाकीट दिसलं की फुंकर मारून बाहेर! "ताई, वाकडं कसं ओळखता?" सांगितलं. का सांगितलं? अहो, कोणी विचारलं की बरं वाटायचं हो... घरी मला विचारत होतं कोण? शिकवलं कोणी? मी! आणि त्या खेपेला घरी कोण? तीही मीच!

परवा कारखान्यानं प्रदर्शन भरवलं, पॅकिंग यंत्रांची वाटचाल म्हणे. जुन्या कामगारांना चहा. इंजिनियर आता मोठा साहेब, सुटाबुटात. मला म्हणतो, "आपण कुठल्या खात्यात होता?"

आपण! ताईची आपण झाले!

पुढे गेले, तर काचेत हा एवढा मोठा फोटो. चेहरा नाही, नुसते घडी घालणारे दोन हात. मी ओरडलेच, "अगंबाई, माझे हात!"

मागून आवाज आला, "ते माझे आहेत."

जाऊ! बावीस वर्षांनी तोंड उघडलं!

"करंगळी बघ," म्हणाली, आणि आपला हात काचेला लावला. बघितलं. फोटोतली करंगळी वाकडी, तिचीही वाकडी, अगदी तशीच. आणि माझी, ही बघा... सरळसोट.

म्हणजे बावीस वर्षं बोलणी मी खाल्ली, आणि फोटो हिचा! म्हटलं, "बरं जाऊबाई, तुमचे तर तुमचे."

तेव्हापासून घरात बोलणं सुरू झालंय हो. सकाळी उठल्यापासून ती बोलते. फक्त करंगळीबद्दल.