देठ मधोमध की कडेला

— न्हाय न्हाय, बसा की पावनं. अकलूजवरनं एवढं लांब आलाय ते काय जिन्यापाशी उभं ऱ्हाऊन हाका मारायला? येईल ती खाली. वर गच्चीवर हाय, भिंग घेऊन बसलीया. तुमी आल्याचं मी सांगितलंय तिला, लपवलं न्हाय. लपायचं काम तिच्या बापाचं, आमच्या आण्णाचं — व्याही येणार असा फोन आला आणि त्याला लगेच बार्शीत काम निघालं, चहा अर्धा टाकून गेला. म्हंजे आता बोलायला राहिले मी. तुमची सून, माझी नात. ती म्हणाली, आजी, फूल बघते आणि मग काय ते सांगते. काय ते म्हंजे काय, ते मला बी सांगितलं न्हाय. तवा तुमी थांबा, मी बी थांबते. भजी घ्या. त्या बॅगेकडं काय बघताय मगाधरनं? बॅग तिचीच हाय. काल तिनंच भरली आणि दारात आणून ठेवली. कुटं जायला भरली ते ठाऊक असतं तर मी इतकी बडबड केली असती व्हय?

घ्या की, लाजू नका. ओव्याच्या पानाची हायत. तुमी ओळखलंच असंल म्हणा, ह्याच झाडापायी तर तुमच्या घरात एवढं रामायण झालं. आता ओवा म्हणत्यात खरं, पण खऱ्या ओव्याचं आणि हिचं काय नातं न्हाय बरं का. खरा ओवा जिऱ्या-कोथिंबिरीच्या घरातला. ही पुदिन्याच्या घरातली — पुदिना, सब्जा, तुळस, वेणीतली पाच, सगळी एका कुळातली भावकी. खोड बोटात धरून फिरवा, चार कडा लागतात, पानं समोरासमोर जोडीनं. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाय, पण प्रियंकाच्या पयलीच्या पुस्तकापासनं तिच्यासंगं वाचत वाचत हितवर आलेय. ती पुढं एमेस्सीला गेली, मी चष्म्याचा नंबर वाढवत मागनं गेले. तुमी मात्र बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला होता, मुलगी शिकलेली हाय ही आमाला लई कौतुकाची गोष्ट. कौतुक दिवाणखान्यात लावलं असतं तुमी, फ्रेम करून. नेमकं ती त्या शिक्षणाचं काय करती, तेवढंच तुमाला नको होतं.

काय करती म्हंजे? हेच करती. कुठलं झाड कुणाच्या घरातलं ते लावती. हसू नका. तुमी व्हय, तुमीच हसला होता, चारचौघांत — सून आमची गवताच्या सोयरिकी जुळवती म्हणाला. मग ऐका त्या सोयरिकीचं. हे झाड, हे तुमच्या ताटलीतलं. दोन-सव्वादोनशे वर्षांमागं कुण्या परदेशी पाद्र्यानं हिला कागदावर पयलं नाव ठेवलं. कोलियस हे घराचं नाव, आंबोइनिकस हे तिचं. कुटल्या तरी आंबोन नावाच्या बेटावरनं ठेवलं, आणि ती मूळची तितली बी न्हाय — पण असू दे, नाव ठेवणारा कधी विचारून ठेवतो? मग दुसरा सायेब आला. म्हणाला, ही प्लेक्ट्रॅन्थसच्या घरातली. ते घर मोठं. मोठ्या घरात काय, कुणालाबी कोंबा, जागा होतीच. आज हिला घाला, उद्या तिला घाला, शेकड्यानं झाडं भरली. ही बी गेली गुमान. कुणी परत बाहेर काढलं, कुणी पुन्हा आत ढकललं, असं लई वर्षं चाललं. आणि आता हल्ली, चार-सहा वर्षांमागं, त्या लोकांनी पानाचे तुकडे यंत्रात घालून वंशावळच काढली, आणि काय निघालं ठाऊक हाय? ही त्या घरातली नव्हतीच. कोलियसचं घर येगळंच. मग काय केलं त्यांनी? भावकी बसवली? दोन्ही बाजूची शहाणी माणसं बोलावली? थोडं तू सोस, थोडं आमी सोसतो म्हणाले? न्हाय. तिचं जुनं घर तिला परत दिलं. एवढी शिकलेली माणसं, पण एक बी म्हणाला न्हाय की लोक काय म्हणतील.

पाणी देऊ का? ठसका लागला वाटतं. हितलं ऊनच तसं.

तर ही जी माझ्या परसातली हाय ना, ही मी माझ्या माहेरासनं आणली, अक्कलकोटच्या पलीकडनं, जितं भाकरीला रोट्टी म्हणतात. लग्नात आणली, ओल्या फडक्यात बांधून. हिचं पान जरा येगळं, जाड, काठाला तांबूस. प्रियंकाला ल्हानपणापासनं वाटायचं की ही बाकीच्यांसारखी न्हाय, ही कोण हाय ते बघायला पायजे. पण बघणार कसं? पानावरनं चालत न्हाय, फूल लागतं. हिला फूल येतं कुटं? स्वयंपाकघराच्या दारातलं झाड, शेंडा दिसला की खुडला, भज्याला, खोकल्याला, पोराच्या पोटाला. तवा लग्न झाल्यावर तिनं हिची फांदी अकलूजला नेली. तुमच्या मागच्या दारात लावली. कुणाला हात लावू दिला न्हाय. आणि तिसऱ्या वर्षी तुरा आला, जांभळट, करंगळीएवढा. कळ्या उमलायच्या होत्या. तिनं मला फोन केला — पोरीचा आवाज असा, जसं काय दिवस गेल्याचं सांगतीया. मीच आधी तसं समजले, आणि खरं सांगते, हे ऐकून मला त्याहून जास्त आनंद झाला. हे विहीणबाईंना सांगू नका.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुरा गायब. देव्हाऱ्यात. विहीणबाईंनी खुडून वाहिलेला. आता मी त्यांना वाईट म्हणत न्हाय हं. त्यांनी भक्तीनंच केलं. प्रियंकानंच त्यांना सांगितलं होतं की, आई, ही तुळशीच्या कुळातली. त्यांनी तेवढं मनात धरलं. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या न्हाईत तर तुळशीचं डोकं दुखतं, हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं. मग हिचं बी दुखत असंल. एक मंजिरी खुडली, माऊलीचं डोकं हलकं केलं. बाईची चूक म्हणायची तर एवढीच की सुनेचं एक वाक्य तिनं खरं धरलं. तुमच्या घरात सुनेचं वाक्य खरं धरणारी तीच एकटी.

पोरगी त्याच्यावर निघून आली असं तुमी गावभर सांगितलं. फुलावरनं घर मोडलं, म्हणाला. खोटं. फुलावर ती फक्त रडली. जेवणाच्या पंगतीला तुमी हसला, तरी ती वाढत होती. मग आमचे जावई, मृत्युंजयराव — जे आज हंगाम चालू हाय म्हणून आले न्हाईत, हंगाम काय, उसाला बी यांच्यापेक्षा जास्त कणा असतो — ते म्हणाले, 'आरोही, पुरे झालं आता, ते झाडच उपटून टाक.' तवा तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती म्हणाली, 'आरोही कोण?' आणि चप्पल घालून एसटीला बसली.

ते आरोही तुमीच ठेवलेलं, आठवतंय न्हवं? ताटात तांदूळ पसरले, मृत्युंजयरावांच्या हातात सोन्याची अंगठी दिली, आणि त्यांनी तांदळावर गिरवलं. पंचांगातनं अक्षर काढलं होतं म्हणे. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मी बी पिटल्या. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला. तिचं नाव आमीच सगळ्यांनी जेवलो, वरनं वरण घेऊन. आता त्या झाडांच्या लोकांचा कायदा बघा — प्रियंकानं सांगितला तवा मी तिला दोनदा सांगायला लावला. झाड या घरातनं त्या घरात नेलं तर घराचं नाव बदलायचं, पण तिचं स्वतःचं नाव पुसायचं न्हाय. आंबोइनिकस ती आंबोइनिकसच, पुढं कोलियस लावा न्हायतर प्लेक्ट्रॅन्थस लावा. आणि पयलं नाव ज्यानं ठेवलं, त्याचं नाव मागं कंसात ठेवायलाच लागतं. कितीबी घरं बदलू द्या. हितं आमचा आण्णा कंसात सुदिक न्हाय. बार्शीला हाय.

काय म्हणालात? पद्धतच हाय? व्हय, पद्धतच हाय. मला काय सांगताय. मी बजाबाई झाले तवा तांदळाला अंगठी पण नव्हती, काडीनं लिहिलं होतं. मी कुटं तक्रार केली? मी एकदा गेले होते तशी... माहेरी. परत येणार न्हाय म्हणून गेले होते. दुसऱ्याच दिवशी मामंजी आले न्यायला. असेच बसले होते. हेच, ओव्याचीच भजी केली होती आईनं, चार खाल्ली त्यांनी, आणि माझ्या बापानं त्यांच्यासमोर मला सांगितलं, ऊठ, चप्पल घाल. फांदी आणली ती तवा, लग्नात न्हाय. लग्नात आणली असं सगळ्यांना सांगत आलेय इतकी वर्षं. तुमाला कशाला सांगितलं आता, काय ठाऊक. खा, खा. भजी गार होत्यात.

तवा मी काल रात्री ती बॅग बघितली आणि तिला काय विचारलं न्हाय. विचारायची छाती झाली न्हाय. तिला जायचं असंल तर मी ऊठ म्हणणार न्हाय आणि बस पण म्हणणार न्हाय. माझं झाड आता तुऱ्यावर आलंय, मी शेंडा खुडायचा सोडला तवापासनं. आज पयली कळी फुटली. ती तेवढंच बघतीया. फुलाच्या पेल्याला देठ मधोमध चिकटलाय की कडेला. मधोमध असला तर प्लेक्ट्रॅन्थसच्या घरातली. कडेला असला तर कोलियस. एवढ्याशा देठात सगळं असतं म्हणे.

मारायचीय हाक? मारा की, माझी काय ना न्हाय... आरोही म्हणून मारलीत. बरं. आणखी एकदा मारा, मोठ्यानं, गच्ची उंच हाय. — आलं का कुणी? न्हाय. मग तिच्या नावानं मारून बघा. आमच्या नावानं. तीन वर्षं तुमच्या घरात वाढत होती, तेवढं तर... मी मगाधरनं घेतीया ते नाव, पावनं. तोंडात येत न्हाय? जड न्हाय तसं ते.

थांबा. तिचीच हाक हाय ही. बसव्वा म्हणती — मलाच म्हणती हो, मागं बघू नका. पाळण्यातलं नाव माझं. तिनं एकदा लई खोदून विचारलं तवा सांगितलं होतं, आता सबंध सोलापुरात तेवढी एकटी मला त्या नावानं हाक मारती. — काय गं? कडेला? नीट बघितलंस न्हवं? बरं. आणि बॅग?

बॅग आत घे म्हणतीया.

उठा आता पावनं. अकलूजची गाडी हाय आत्ता. उरलेली भजी बांधून देते, विहीणबाईंना आवडतात.