भ्यायला ठेवलेला माणूस

हमूदाकाकानं. माझ्या सख्ख्या काकानं घालवलं बाबांना. सकाळी शाळेतल्या शिबिरात तुम्ही विचारलंत ना, समुद्र वर येतोय, या सगळ्याला जबाबदार कोण वाटतं म्हणून? मी उठून निघून आलो ते याचसाठी, सगळ्यांसमोर नाव घेतलं असतं तर घरी रणकंदन झालं असतं. आता तुम्ही एवढ्या उन्हातून माझ्या मागं किनाऱ्यापर्यंत आलाच आहात तर घ्या नाव. हमूदा. — नाही हो बाई, कारखाने नकोत, मोठे देश नकोत, ते मला पाठ आहेत, त्यांना शिव्या घालायला मी पलीकडं स्फाक्स शहरात, कॉलेजात शिकलोय. पण कुठल्या कारखान्यानं येऊन माझ्या तोंडात गोळी नाही कोंबली. ती काकानं कोंबली. — बसा ना, त्या उलट्या होडीवर बसा, कोरडी आहे. चहा घ्या किटलीतला. मला उठता येणार नाही, माझं काम चाललंय. तो समोर छातीभर पाण्यात माणूस दिसतोय? तो वजदी, काकाचा मुलगा. तो बाहेर येईपर्यंत मी इथून हलायचं नाही आणि हा शंख हातातून खाली ठेवायचा नाही. काकाचा हुकूम आहे. हसू नका, आधी ऐका.

येताना बोटीतून पाहिली असतील तुम्ही, समुद्रात खजुराच्या झावळ्यांची कुंपणं. शर्फिया म्हणतात त्यांना. भरतीला मासा किनाऱ्याकडे येतो, ओहोटीला परत निघतो, कुंपणाला अडतो, मग कुंपणाच्या कडेकडेनं पुढं पुढं जातो आणि शेवटी सापळ्यात शिरतो. झालं. ना इंजिन, ना जाळं ओढणं. शहरातले लोक येतात, फोटो काढतात, म्हणतात, काय हुशार तुमचे पूर्वज! होतेच हुशार. पूर्वज हुशार होते, म्हातारे गाढव आहेत. — कारण सांगतो ना. या कुंपणाची जागा बापाकडून मुलाकडे येते, शेतासारखी. पाण्याखाली आहे, दिसत नाही, पण अख्ख्या गावाला ठाऊक की इथून इथपर्यंत आमचं. आणि एक हंगाम जागा मोकळी सोडली की दुसरा येऊन तिथं काड्या रोवणार, मग भांडत बसा जन्मभर. म्हणून कोणी जागा सोडत नाही. समुद्र वर आला तरी सोडत नाही. पूर्वी कुंपणाचे शेंडे पाण्याच्या वर हातभर दिसायचे, आता भरतीला मासा वरून पोहत जातो आणि जाताना बहुतेक आम्हाला हसतो. मी म्हटलं, काका, कुंपण अलीकडं घेऊ, कमरेइतक्या पाण्यात. साधी गोष्ट! काका काय म्हणाला? "आजोबांची जागा सोडू? उद्या तिथं शेजारच्या सालेहची पोरं काड्या रोवतील, तेव्हा तू भूगोल शिकव त्यांना." आणि कॅफेतले सगळे म्हातारे खो खो. मग काकाचा उपाय — लांब झावळ्या लावा. लांब झावळ्या कुठून येणार? त्याच खजुरांच्या, ज्यांच्या मुळाशी खारं पाणी आलंय, ज्यांचे शेंडे आधीच करपलेत. आजारी माणसाचं रक्त काढून त्यालाच पाजायचं, असा उपाय. ती बघा मागं, टकली झाडं. ती आमची.

आणि कुंपणाच्या अलीकडं एक घळ आहे. वजदी आता उभा आहे ना, त्याच्या जरा अलीकडं. ओहोटीला ती घळ पायी ओलांडायची, सापळे डोक्यावर घ्यायचे, यायचं. आजोबांना पाणी कमरेला लागायचं. बाबांना छातीला. नीट ओहोटी झाली तर छातीला — वारा दक्षिणेचा फिरला की ओहोटी अर्ध्यातच अडते, पाणी घळीत उलटं भरतं, मग गळ्याला, मग — असो. होडी? आहे की होडी. तुम्ही तिच्यावरच बसला आहात. काकाची. तळाची फळी कुजलीय, बदलू बदलू म्हणतोय, आणि वर म्हणतो, "एवढ्याशा अंतराला होडी? आपला बाप चालत जायचा." त्यांचा बाप चालत जायचा तेव्हा समुद्र वेगळा होता! हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत तरी सरकली असती.

कॉलेज? सोडलं. — सोडलं म्हणजे, एके दिवशी प्राध्यापकांनी पडद्यावर नकाशा लावला. या शतकाच्या शेवटी कुठं कुठं पाणी असेल, ते निळं. आमची बेटं निळी. माझं गाव निळं, आमची दफनभूमी निळी. मी तिथंच बसलोय, याच केर्केना बेटांवरचा पोरगा, पहिल्या बाकावर, आणि त्यांनी हातातली खडूची पूड झटकली आणि म्हणाले, "तर हे झालं. पुढच्या तासाला ज्वालामुखी." मग कॉफी प्यायला गेले. पगार घेऊन आमच्या बुडण्याचा नकाशा दाखवायचा आणि कॉफी प्यायला जायचं! त्या दिवसापासून माझी झोप गेली. घरी आलो. इथं येऊन बसायला लागलो, नुसता पाण्याकडे बघत. जेवण जाईना. तुम्ही आज सकाळी सगळ्यांना डोळे मिटायला लावून विचारलंत ना, भीती शरीरात कुठं जाणवते? मला इथं, बरगडीखाली, कोणीतरी मूठ आवळून धरल्यासारखी. दिवसरात्र. आणि तुम्ही म्हणता तिला मोल आहे. थांबा, मी नाही कुठं म्हणतोय? मोल होतं! तेच सांगतोय.

कारण बसून बसून मला दिसायला लागलं. वारा फिरायच्या आधी घळीपलीकडचं पाणी शिशासारखं करडं होतं. बगळे उठतात. मूठ आपोआप आवळायची, मला विचार करावा लागायचा नाही. मग मी हा शंख घेतला, आजोबांचा, पूर्वी धुक्यात होड्यांना बोलवायला होता, आणि बाबा पाण्यात असले की इथं बसायचो. मूठ आवळली की फुंकायचो. बाबा कुरकुरत यायचे, "पोरा, एक सापळा राहिला की रे माझा," कधी कधी तर काहीच व्हायचं नाही, वारा तोंड फिरवून निघून जायचा आणि मी गावभर वेडा ठरायचो. "समुद्राचा मुअज्जिन" नाव ठेवलं मला, म्हणजे पाण्याला अजान देणारा. काका बाबांना म्हणायचा, "सादोक, तुझं पोरगं बाईसारखं घाबरतं आणि तू त्याचं ऐकतोस, मासे सालेहच्या सापळ्यात जातायत." पण बाबा येत होते ना! प्रत्येक वेळी. आणि एक सांगतो, हे काकाला माहीत नाही — पाण्यात पाय टाकायच्या आधी बाबा एकदा मागं वळून बघायचे. मी बसलोय का ते. बघायचे आणि चालायला लागायचे.

मग काकानं मला डॉक्टरकडे नेलं. घरचा मोठा तो, बाबा काय बोलणार त्याच्यापुढं? डॉक्टर म्हातारा, भला माणूस, सगळे भलेच असतात. म्हणाला, "बेटा, ही भीती तुझी नाही, मोबाइलमधून आलेली आहे. समुद्र काही आज वर येत नाही." आणि गोळ्या. काका रोज सकाळी स्वतः यायचा, समोर उभा राहून द्यायचा, जीभ वर करायला लावायचा, गिळली का बघायला. आणि झोप आली हो बाई. काय झोप आली! तुम्हाला कल्पना नाही. इतक्या महिन्यांनी मूठ सुटली. मला बरं वाटलं. — हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आई रडली आनंदानं, ऑक्टोपसचा कुस्कुस केला, मी दोनदा वाढून घेतला आणि दुपारी आडवा झालो ते गाढ. आणि काका आमच्या दारात येऊन बाबांना म्हणाला, "चल, आज तुझा मुअज्जिन झोपलाय, आज सगळे सापळे होतील." हे आईनं ऐकलं. माझ्या कानावर आलं ते तिच्याकडून. काका स्वतः नाही गेला पाण्यात, त्याचे गुडघे दुखतात. त्याचे गुडघे नेमके ओहोटीलाच दुखतात.

वारा फिरला.

बाबा दुसऱ्या दिवशी सापडले. कुठं, माहितीय? सापळ्याच्या तोंडाशी. कुंपणाच्या कडेकडेनं आले. मासा येतो तसे. — राहू द्या, पाणी नको मला. तुम्ही चहा प्या. मी एवढाच विचार करतो की त्या दिवशी पाण्यात पाय टाकायच्या आधी त्यांनी मागं वळून बघितलं असेल का. बघितलं असणार. सवय होती.

दफनाला काका सगळ्यात पुढं. "अल्लाहची मर्जी," म्हणाला, छाती बडवली. मासे आले की काकाची अक्कल, माणूस गेला की अल्लाहची मर्जी! मी तिथंच बोललो, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, कबर उघडी असताना. काय झालं? काही नाही. "पोरगं दुःखात आहे," म्हणाले आणि मला बाजूला केलं. कुंपण त्याच जागी उभं राहिलं, यंदा आणखी लांब झावळ्या. आणि आता खरी गंमत. वजदीचं लग्न झालं, सापळे आता त्याच्याकडं आले, तसा काका एके दिवशी आमच्या घरी. आमच्याच फळीवरचा हा शंख हातात. कधी नव्हे ते खाली मान. म्हणाला, "नौफल, बेटा, वजदी पाण्यात असेल तेव्हा तू बसत जा किनाऱ्यावर. तुला कळतं ते." गोळ्या बंद केल्यात म्हणाला, डॉक्टरला सांगून टाकलं. कळलं का तुम्हाला? माझी भीती त्याला हवीय! जीभ वर करून तपासणाऱ्याला! स्वतःचा पोरगा पाण्यात गेल्यावर तिला मोल आलं. म्हटलं ना, मी तुमच्याशी भांडतच नाहीये, काळजीला मोल असतं, भरपूर असतं, फक्त ज्याची असते त्याच्या हातात कधी पडत नाही ते. का बसलो? वजदीनं काय केलंय माझं? त्याची बायको चांगली आहे. म्हणून बसलो.

स्फाक्सला येऊन तुमच्या मोठ्या कार्यक्रमात बोलू? काय बोलू? "भिऊन घ्या"? तिथं पुढं बसलेले सगळे पांढऱ्या केसांचे असतील, टाळ्या वाजवतील, तरुण हीच आमची आशा म्हणतील आणि कॉफी प्यायला जातील. नको. — काय झालं? उभ्या का राहिलात? — कुठं? — बगळे?

थांबा. सरका.

— वळला. शंख ऐकू आला त्याला. सापळा टाकून दे, गाढवा, टाकून दे! — टाकला. गळ्याला लागतंय पाणी त्याला. — छातीला आलं. येतोय. लागेल तो काठाला. श्वास सोडा तुम्ही, काही होत नाही आता.

तुम्हाला दिसलं, बाई. तुम्ही आज सकाळच्या बोटीनं आलात, तुम्हाला दक्षिण कुठली ते माहीत नाही, बगळे उडाले आणि तुमचा जीव उडाला. मी त्याच पाण्याकडे बघत होतो. शिशासारखं झालेलंही दिसत होतं मला. बघत होतो आणि बोलत होतो. गोळ्या केव्हाच बंद झाल्या, तरी बरगडीखालची मूठ परत आलीच नाही. काकाला हे सांगितलेलं नाही मी, तुम्हीही सांगू नका. जा आता, वारा वाढला की बोट सुटत नाही.

माझे बाबा गेले आणि मला आता भीती वाटत नाही.