मास्तर मुलांच्या घरी फिरतायत

मंगळवारी मास्तरने कॉलेज सोडलं. गुरुवारी श्रीकांत गेला. मधले दोन दिवस मी श्रीकांतला सांगितलं नाही.

हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगते. लोकांना वाटतं नवरा गेल्यापासून मी चिडकी झालेय. तसं नाही. नवरा आजाराने गेला, त्यात कुणाची चूक नव्हती, डॉक्टर चांगले होते, नर्सेस तर इतक्या चांगल्या की मला त्यांच्यासमोर रडायचीही लाज वाटायची. माझा राग एका माणसावर आहे, तो मला ओळखतही नाही, त्याला आयर्लंडात आमचं स्वोर्ड्स नावाचं गाव आहे हेही माहीत नसेल, आणि तो राग मी कमी होऊ देणार नाही.

मी मूळची नागपूरची, वसुधा माझं नाव, धरमपेठेत वाढले, लग्नाआधी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. पुस्तकं लावायची, नोंदी ठेवायच्या आणि मुलांना गप्प बसा म्हणायचं, एवढं काम. त्यातलं तिसरं मला कधी जमलं नाही, कारण माझा आवाजच चढत नाही. म्हणजे चढत नव्हता. खेळाशी माझा काडीचा संबंध नव्हता. श्रीकांतचं स्थळ आलं, अमेरिकेतून एम.एस. करून परतलेला, पुण्यात नोकरी, आणि बघायला आला तेव्हा आम्हाला पाच मिनिटं बोलायला गच्चीवर पाठवलं, तर पहिला प्रश्न काय, तुमचं शनिवारचं काय असतं? मला वाटलं उपास विचारतोय, मी म्हटलं, मी नाही करत. तो म्हणाला, मी पाळतो, पण उपास नाही, मॅच.

मॅच कसली, ते सांगावं लागेल. आयर्लंडला आलो तेव्हा इरा, आमची मुलगी, चार वर्षांची होती. शेजारच्या नोरीनने विचारलं, तुझा नवरा शनिवारी एवढा ओरडतो कशावर? मी म्हटलं, फुटबॉलवर. तिने विचारलं, कुठल्या? कारण इथे लाथेने खेळायचा एक आणि यांचा स्वतःचा गेलिक एक, आणि श्रीकांतचा तिसराच, अमेरिकेतला, लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि अंगाला गाद्या बांधून एकमेकांवर आदळायचं. तोही तिथल्या मोठ्या व्यावसायिक टीमचा नाही, त्याच्या कॉलेजच्या मुलांचा. नोरीन त्या टीमला गादीवाले म्हणायची. काय तुमचे गादीवाले, जिंकले की नाही? श्रीकांत कुंपणावरून सांगायचा, ग्रँड, नोरीन, ग्रँड, म्हणजे समजायचं की हरले. मॅच तिथे दुपारी बाराची असली की इथे संध्याकाळचे पाच, मग सँट्रीहून त्याचा मित्र मकरंद यायचा, ते दोघं तिथे एकाच खोलीत राहिलेले, आणि मी साबुदाणा वडे तळायचे.

पण काय सांगू तुम्हाला, खेळ नुसता चार महिन्यांचा. खरं वेड उरलेल्या आठ महिन्यांचं, कोणता मुलगा येणार आणि कोणता दुसरीकडे जाणार याचं. तिथे टीममध्ये मुलं आपोआप येत नाहीत, कोचला ती मिळवावी लागतात. शाळेत एखादा सतरा वर्षांचा मुलगा चांगला खेळतो असं कळलं की पाच-सहा कॉलेजांचे कोच पाळीपाळीने त्याच्या घरी जाऊन बसतात, आईच्या हातचं खातात, घर छान ठेवलंय म्हणतात, बापाशी मासेमारीवर बोलतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, अरे, हा तर बघण्याचा कार्यक्रम आहे, पोह्यांसकट. श्रीकांत हसून हसून खाली बसला. मग दर वर्षी डिसेंबर आला की तो मला विचारायचा, वसू, यंदा किती स्थळं?

कोचला तो मास्तर म्हणायचा. त्याचे वडील शाळामास्तर होते, त्याच्या लेखी त्याहून मोठी पदवी नव्हती. मास्तर आले, मास्तर म्हणाले, असं अहोजाहो करायचा. मीही करायचे. आता करत नाही, तुम्हीही लिहिताना करू नका.

त्याची एक वही होती, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, रकाने मी आखून दिलेले, ग्रंथालयात आखायचे तसे. मुलाचं नाव, गाव, उंची, कुठल्या जागी खेळतो. शेवटचा रकाना मात्र त्याने स्वतः वाढवला, आई काय म्हणाली. मकरंद भाऊजी म्हणायचे, अबे, वजन लिही, पळण्याचा वेग लिही, आई काय कामाची? तो म्हणायचा, वेग बदलतो. मग मुलगा कॉलेजच्या कागदावर सही करताना टीव्हीवर किंवा गावच्या वर्तमानपत्रात आई जे बोलली असेल ते शोधून लिहायचा. एका आईचं आहे, बूट घरात आणायचे नाहीत एवढं शिकवा. एका रकान्यात नुसतं लिहिलंय, रडली.

तो आजारी पडला त्या हिवाळ्यात वहीत एक उंच मुलगा आला. लहान गावातला, आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, वडील नाहीत. बाकीची मोठी कॉलेजं त्याच्या मागे होती आणि तो आमच्याकडे आला, कारण मास्तरने त्याच्या घरी टेबलापाशी बसून, कॅमेरा चालू असताना, त्या बाईला सांगितलं, तुमचा मुलगा पदवी घेईपर्यंत मी या कॉलेजातून हलणार नाही. ते वाक्य श्रीकांतने वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. आईच्या रकान्यात लिहिलं, मग आम्हीही शब्द देतो.

मला म्हणाला, वसू, हा पहिली दोन वर्षं बाकावर बसेल, तिसऱ्या वर्षी खेळेल, मी ते बघणार. मी म्हटलं, बघशील. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली होती आणि हा वर्षांची करत होता, आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं. गोळ्या घेताना, उलट्या होताना, तो त्या मुलाबद्दल बोलायचा. मास्तर आहेत ना, ते घडवतील त्याला. आमच्या घरात देव्हारा आहे, रोज दिवा लागतो, पण त्या वर्षी श्रीकांतचा भरवसा होता तो कॉलेजची टोपी घालणाऱ्या त्या माणसावर. मग सांगा, मी त्या माणसावर चिडू नको तर कुणावर चिडू?

पुढच्या डिसेंबरात श्रीकांत हॉस्पिटलात होता. मंगळवारी दुपारी मी स्वयंपाकघरात प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, डबा काढत होते, आणि मकरंद भाऊजींचा फोन आला. वहिनी, मास्तर गेले. मला कळेचना, कुठे गेले? म्हणाले, दुसऱ्या कॉलेजात, मोठ्या. मुलांना बोलावून पाच मिनिटांत सांगितलं आणि विमानात बसले.

आता नोकरी बदलू नये असं मी म्हणत नाही. आपण सगळे नोकऱ्या बदलत बदलतच इथवर आलोय, मकरंद भाऊजी तर चेरीवूडच्या एका ऑफिसात टेबल गरम होण्याआधी दुसरीकडे गेले. पण आपण कुणाच्या आईच्या हातचं जेवून शब्द दिला नव्हता. आणि नुसता गेला असता तरी एक वेळ. गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने आमच्याच वहीतल्या मुलांना फोन लावायला सुरुवात केली, माझ्याबरोबर इकडे या म्हणून. ज्या घरी जेवला होता त्याच घरी परत गेला, टोपीचा रंग बदलून.

मी हॉस्पिटलात गेले आणि श्रीकांतचा मोबाइल पिशवीत टाकला, म्हटलं, डोळ्यांना त्रास होतो तुझ्या. मकरंद भाऊजींना दम दिला की त्याच्यासमोर एक शब्द काढायचा नाही. इरा तेव्हा सतराची, त्या खेळाडूंच्या वयाची. तिला मराठी सगळं कळतं पण बोलते इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाली, आई, त्याला कळायला हवं. टीम त्याची आहे, तुझी नाही. मी म्हटलं, नवरा माझा आहे. ती म्हणाली, म्हणून काय झालं?

बुधवारी दुपारी श्रीकांतने विचारलं, मास्तर काय म्हणतात? मी म्हटलं, मास्तर मुलांच्या घरी फिरतायत. बघा, यात अक्षरही खोटं नव्हतं. फिरतच होता तो. श्रीकांतला बरं वाटलं. म्हणाला, दिवसच आहेत ते. मग विचारलं, आणि आपला उंच मुलगा? मी म्हटलं, तो आहे. हे मात्र मी ठोकून दिलं, मला काही माहीत नव्हतं. त्याने माझा हात दाबला आणि झोपला. त्यानंतर तो माझ्याशी नीटसं बोलला नाही. आमच्या वीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं हे, आणि ते मी त्या माणसाची लबाडी झाकण्यात घालवलं.

दहाव्या दिवशी आम्ही समुद्राकाठी गेलो, मी, इरा आणि मकरंद भाऊजी. नागपूरचे गुरुजी व्हिडिओवर होते. थंडी अशी की भाताचे पिंड ताटलीत दगड झाले. ताटली भिंतीवर ठेवली आणि लांब उभे राहिलो. इथला कावळा राखाडी अंगाचा, डोकं आणि पंख काळे. गुरुजींना दाखवला तर म्हणाले, चालेल, कावळाच आहे. पण खरी भीती गलची, इथले ते पांढरे, धटिंगण समुद्रपक्षी, माणसाच्या हातातून चिप्स पळवतात. त्यांना हाकलायला इरा छत्री घेऊन उभी होती.

कावळा आला, भिंतीवर बसला, ताटलीकडे बघितलं, आणि शिवेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. मकरंद भाऊजींनी शब्द दिला की इराच्या शिक्षणात मी उभा राहीन. कावळा हलला नाही. इराने तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, बाबा, मी आईला बघणार. कावळ्याने पाठ फिरवली. अर्धा तास गेला असेल. मग मकरंद भाऊजींनी टोपी काढली, दोन पावलं पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, श्रीकांत, मास्तर कुठे गेले नाहीत रे, इथेच आहेत, तू काळजी नको करू.

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझा आवाज चढत नाही असं मी म्हटलं ना, तो त्या दिवशी चढला. मी ओरडले, खोटं आहे. श्रीकांत, तो मंगळवारीच गेला. तू होतास तेव्हाच गेला. मुलांना फोन करून फोडतोय. मी तुझ्याशी दोन दिवस खोटं वागले, त्या हरामखोरासाठी. आणखीही बोलले, ते लिहू नका. एक म्हातारा आयरिश माणूस कुत्रा घेऊन चालला होता, तो थांबला, त्यानेही टोपी काढली. मकरंद भाऊजी कळवळून म्हणाले, वहिनी, काय बोलून राहिल्या तुम्ही, दहाव्याला कोणी शिव्या देते का? इरा माझ्याकडे बघतच राहिली, आणि छत्री तिच्या हातात तशीच खाली आली.

तेवढ्यात गल आला आणि सगळं उचलून गेला. कावळा उडाला.

गुरुजींना पडद्यावर काही दिसलं नव्हतं. त्यांनी विचारलं, शिवला का? मकरंद भाऊजी म्हणाले, शिवला, गुरुजी. गुरुजी म्हणाले, उत्तम. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघितलं, त्यांनी नजर वळवली. परत येताना गाडीत इरा मागच्या सीटवरून म्हणाली, गल शिवलेला चालत नाही ना, आई? मी म्हटलं, नाही चालत. ती म्हणाली, पण बाबाने ऐकलं असेल, तू खूप जोरात ओरडलीस.

त्याला आता दोन वर्षं होत आली. नवा कोच नेमला, त्याचं बँड लावून स्वागत झालं, आणि पहिल्याच भाषणात तो म्हणाला, मी इथे राहायला आलोय. मकरंद भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणतात, वहिनी, हा माणूस वेगळा वाटते. मी म्हटलं, तुम्ही कुणालाही कावळा म्हणता. तेव्हापासून ते जरा जपून बोलतात, येतात मात्र, वडे खातात. मी नव्या कोचचं नाव घेत नाही. जुन्याचं कॉलेज हरलं की मला त्या दिवशी जेवण गोड लागतं. हे बरं दिसत नाही, माहीत आहे. लिहा तसंच.

वहीतली सात मुलं मास्तरबरोबर गेली. उंच मुलगा गेला नाही. नव्या कोचने त्याच्या जागेवर आपल्या पसंतीचा दुसरा मुलगा आणून बसवला, तरी गेला नाही, आता तर नियम असे आहेत की मुलं दर वर्षी कॉलेज बदलतात. गावच्या वर्तमानपत्राने आईला विचारलं, तुमचा मुलगा का थांबला? ती म्हणाली, शब्द आम्हीही दिला होता. ते मी तिच्या रकान्यात, श्रीकांतच्या अक्षराखाली, माझ्या अक्षरात लिहिलं. त्या पोराचं आणि त्याच्या आईचं देव भलं करो. मास्तरचं नको.

शनिवारी पाच वाजले की इरा खाली येते, माझ्याशेजारी बसते आणि नव्या कोचला तिच्या भाषेत शिव्या घालते. मी अडवत नाही. उंच मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे. अजून बाकावरच आहे. वहीची अर्धी पानं कोरी आहेत.