शहरी कोल्हा, गावठी कोल्हा

“कोल्हे फिरतात तिथली माती बाळाला चाखू देऊ नका,” असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. आज जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्याला घेऊन बसले, तर शेजारी दोघी बहिणी जुंपलेल्या. थोरली गावात राहणारी, धाकटी शहरात.

“ताई, पट्टकृमी तुमच्या गावच्या कोल्ह्यांना असतात. आमचे स्वच्छ.”

“हो का! दात घासून येतात वाटतं?”

“तुमचे उंदीर खातात. जंत उंदरांतूनच येतात.”

“आणि तुमच्या उकिरड्यावर काय मोर नाचतात?”

“बरं बाई, दोन्हीकडचे जंतवाले. पण तिकडे एकटे राहणाऱ्या बाबांचं काय? परसात पडलेली कोल्ह्याची घाण हातानंच उचलतात, आणि तसाच वाफ्यातला मुळा उपटून खातात.”

“अगं, त्या घाणीत जंतांची अंडी असतात! तू बोलली नाहीस त्यांना?”

“मला वाटलं तू बोलली असशील.”

“मला वाटलं तू! लाव फोन आत्ता.”

“हॅलो बाबा, काय करताय? …बरं, बरं. ठेवते.”

“अगं, हात धुवायचं सांगितलंस का?”

“कसं सांगू? तोंडात घास होता त्यांच्या.”

“कसला?”

“मुळ्याचा.”

तुमचेही बाबा एकटे राहत असतील आणि परसात वाफा असेल, तर बहिणीनं सांगितलं असेल असं समजू नका. तुम्हीच फोन लावा, आणि जेवणाआधी लावा.