परमदुष्टाचा खरा चेहरा

(तोक्योबाहेरचा एक चित्रीकरण स्टुडिओ. दर रविवारी सकाळी लागणाऱ्या मुलांच्या मालिकेतल्या राक्षसांचे रबरी पोशाख ठेवायची खोली. किनुयो ते बनवते, शिगेमोरी ते घालून काम करतो. जेवणाची सुट्टी.)

शिगेमोरी : दुष्टपणा जसजसा वाढत जातो ना किनुयोसान, तसतसा तो माणसासारखा दिसायला लागतो. जो परमदुष्ट असतो त्याला शिंगांची गरजच उरत नाही.

किनुयो : मान वर कर. हनुवटीखाली व्हॅसलिन लावायचं राहिलंय.

शिगेमोरी : मी तत्त्वज्ञान सांगतोय.

किनुयो : तत्त्वज्ञान नव्हे ते, दाराचं माप आहे. तुझ्या सम्राट बारुझेनला पहिल्या रूपात अकरा शिंगं होती. अकरा शिंगांसकट तू या दारातून जात नव्हतास. कपाटासारखा आडवा करून न्यावा लागायचा तुला.

शिगेमोरी : दुसऱ्या रूपात सहाच शिंगं आणि शक्ती दुप्पट.

किनुयो : कारण पाच चौकटीला आपटून मोडली. मग लेखकाने लिहिलं, सम्राटाने अनावश्यक गोष्टींचा त्याग केला आहे. आणि शेपूट?

शिगेमोरी : शेपूट खाणीतल्या लढाईत गेलं.

किनुयो : टेम्पोच्या दारात अडकून गेलं. टेम्पो निघाला, शेपूट त्याच्याबरोबर निघालं, तू मागे राहिलास. पुढच्या रविवारी लगेच तिसरं रूप. शेपूट नाही आणि शक्ती तिप्पट. मी तुला एकदा गरम पाण्यात धुऊन आटवलं असतं तर तू विश्व गिळून बसला असतास.

शिगेमोरी : हसा. सव्वीस वर्षं रबरात काढली मी. तेवीस राक्षस, दोन झाडं आणि एक खेकडा.

किनुयो : खेकड्याचा मागचा भाग.

शिगेमोरी : खेकड्याला मागचा भाग नसतो. तो आडवा चालतो. मी डावा होतो.

किनुयो : बरं, डावा.

शिगेमोरी : आणि आता चौथं रूप. अंतिम. शिंगं नाहीत, खवले नाहीत, नुसता काळा अंगरखा आणि माझा स्वतःचा चेहरा. निर्माते कुणी देखणा पोरगा बघत होते, तर मुकाईसान भर बैठकीत म्हणाले, हा सम्राट वर्षभर शिगेमोरीच्या पायांनी चाललाय, शेवटी चेहराही त्याचाच असू दे. दिग्दर्शक असावा तर असा.

किनुयो : आईला कळवलंस?

शिगेमोरी : कळवलं असं नाही. फोनवर इतकंच म्हणालो, महिनाअखेरच्या रविवारी सकाळी टीव्ही लावून ठेव. तिने अख्ख्या आळीला सांगितलं. न्हाव्यालासुद्धा निरोप धाडला.

किनुयो : न्हाव्याचं काय त्यात?

शिगेमोरी : अकरा वर्षांपूर्वी तो तिला म्हणाला होता, आजी, त्या रबराच्या आत कोणीही असू शकतो. तेव्हापासून ती त्याच्याकडे केस कापत नाही. बस पकडून शेजारच्या गावी जाते. उत्तरेकडच्या अकिताच्या बर्फात, त्र्याऐंशीव्या वर्षी.

किनुयो : पण ती ओळखते ना तुला, पोशाखात?

शिगेमोरी : दर सोमवारी फोन येतो, काल छान पडलास हो. निम्म्या वेळा तो मी नसतो. एकदा तर कोसळणारा पूल म्हणजे मीच समजून तिने कौतुक केलं. म्हणाली, किती हळू कोसळलास. मी 'हो आई' म्हणतो. ती मुळ्याचं लोणचं पाठवते, मी खातो.

किनुयो : कालचं चित्रीकरण कसं झालं म्हणालास?

शिगेमोरी : एका दमात. शेवटचं अख्खं भाषण. कुणी पुन्हा घ्या म्हटलं नाही. संपलं तेव्हा सगळे गप्प होते, दिवे धरणारेसुद्धा. भारावले होते.

किनुयो : भारावले.

शिगेमोरी : मुकाईसाननी तर चष्मा काढून डोळे मिटले.

किनुयो : शिगे, पहिलं वाक्य काय होतं?

शिगेमोरी : 'मानवांनो, मी तुमच्यातलाच एक आहे.'

किनुयो : आत्ता म्हणालास. काल म्हणाला नाहीस.

शिगेमोरी : म्हणजे?

किनुयो : काल तू तोंड उघडलं नाहीस.

शिगेमोरी : काहीतरीच काय.

किनुयो : मी तिथेच होते, अंगरखा धरून. मुंडी हलवलीस, खांदे हलवलेस, 'तुमच्यातलाच'ला छाती पुढे काढलीस. ओठ मिटलेले. सव्वीस वर्षं मुखवट्यात तेच करत आलास, पोरांना कळावं बोलतंय कोण म्हणून. आवाज नंतर दुसराच कुणी भरतो. काल तू तेच केलंस. साडेतीन मिनिटं.

शिगेमोरी : ...अख्खं भाषण?

किनुयो : हसण्यासकट. हसतानाही नुसते खांदेच.

शिगेमोरी : आणि मला वाटलं, आपला आवाज किती खोल लागलाय. तो डोक्यातच लागला होता तर. मग कुणी थांबवलं का नाही?

किनुयो : तू इथला सगळ्यात जुना माणूस. तुला थांबवणार कोण? मुकाई तुझ्या खेकड्याच्या वेळी चहा द्यायचा.

मुकाई : येऊ का आत? शिगेमोरीसान, जेवलात? मी आपला सहज... कालचं ते फारच... म्हणजे अंगरखा छान दिसत होता.

शिगेमोरी : मुकाईसान, मला कळलंय.

मुकाई : कळलं? बरं झालं. म्हणजे वाईट झालं, पण बरं झालं. रात्रभर मी विचार करत होतो की हे कसं...

शिगेमोरी : पुन्हा घेऊ. आज. मी तोंड उघडतो. तोंड उघडायला काय लागतं? इथेच बघा. 'मानवांनो, मी तुमच्यातलाच एक आहे. मला पाहून घाबरू नका. आरशात पाहून घाबरा.'

मुकाई : शब्द आले. शब्द स्पष्ट आले.

शिगेमोरी : मग?

मुकाई : पुन्हा एकदा, जरा... रागाने?

शिगेमोरी : 'मानवांनो, मी तुमच्यातलाच एक आहे.'

मुकाई : आता दुःखाने?

शिगेमोरी : 'मानवांनो, मी तुमच्यातलाच एक आहे.'

किनुयो : कुठला राग होता आणि कुठलं दुःख?

शिगेमोरी : पहिल्यात मूठ वळली होती. दुसऱ्यात गुडघा वाकवला.

मुकाई : तेच सांगायचं होतं. मानेखाली तुम्ही अप्रतिम आहात, शिगेमोरीसान. तुमच्या गुडघ्यासारखा गुडघा दुसरा नाही. फक्त वर, चेहऱ्यावर... तिथे काही येत नाही.

किनुयो : आमचा तिसऱ्या रूपातला मुखवटा जास्त बोलका होता, हे त्यांना म्हणायचंय.

मुकाई : असं मी नाही म्हटलं.

शिगेमोरी : पण खरं आहे. त्या मुखवट्याला पाहून पोरं रडायची. मग तो देखणा पोरगाच घेताय तर.

मुकाई : नाही, नाही. निर्माते तेच म्हणत होते. मी सांगितलं, चेहरा शिगेमोरीसानचाच राहील. शब्द दिला. म्हणून किनुयोसानना सकाळी विनंती केली की... तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?

किनुयो : व्हॅसलिन लावून होईस्तोवर थांबले होते.

शिगेमोरी : हे व्हॅसलिन रंगभूषेसाठी नाहीये का?

किनुयो : साच्यासाठी आहे. नाहीतर प्लास्टर काढताना भुवया उपटून येतील. तुझ्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावरून रबराचा मुखवटा. चार दिवसांत देते.

शिगेमोरी : माझाच चेहरा. रबराचा. आणि तो मी घालायचा, माझ्या चेहऱ्यावर.

मुकाई : अगदी तुमच्यासारखाच असेल. थोडा जास्त माणसासारखा.

शिगेमोरी : आवाज?

मुकाई : तो नेहमीप्रमाणे. तुम्ही कालच्यासारखंच करायचं. काल ते छानच झालं होतं, त्या दृष्टीने.

शिगेमोरी : म्हणजे सम्राट बारुझेन आपल्या सर्वोच्च रूपात येतो, आणि ते रूप म्हणजे मी, मला घालून.

किनुयो : नको असेल तर आत्ता सांग. प्लास्टर अजून कालवलेलं नाही.

शिगेमोरी : न्हावी काय म्हणेल याचा विचार करतोय. आत कोणीही असू शकतो म्हणेल.

किनुयो : आणि आई?

शिगेमोरी : आई बोट दाखवून म्हणेल, तो बघा माझा मुलगा. आणि या खेपेला तो असेल.

मुकाई : मग... होकार समजू?

शिगेमोरी : भुवया जरा वर ठेवा, किनुयोसान. रागीट नको. ती घाबरेल.

किनुयो : ठेवते. आता बोलू नकोस, ओठ मिट. ते तुला जमतं.

शिगेमोरी : एकच विचारतो. मुखवट्याला काचेचे डोळे बसवणार तुम्ही. मग मी बघायचं कुठून?

किनुयो : नाकपुड्यांतून.